भट्टीचा कोट

शिरोली एमआयडीसीत 'भट्टीवाला जोतीराम' म्हटलं की गेटवरचा वॉचमन न बोलता बोट करायचा. एक्याऐंशी साली तो फौंड्रीत लागला आणि भट्टीपुढची जागा त्यानं कधी सोडली नाही. बरोबरीची माणसं मशिनशॉपला गेली, स्टोअरला गेली, एकदोघं तर ऑफिसात फाइली नाचवायला लागली. याला सुपरवायझर करायचं ठरलं तेव्हा यानं साहेबाला तोंडावर सांगितलं, "पंख्याखाली बसलो की मला सर्दी हुती सायेब. मी हाय तितंच बरा हाय." साहेब हसले आणि जोतीराम भट्टीपुढं राहिला.

माणूस तसा हेकट. एक गोष्ट डोक्यात बसली की ब्रह्मदेव आला तरी निघायची नाही. पण लोखंड वितळून पाण्यासारखं वाहायला लागलं की तिथं 'बहुतेक' आणि 'बघू या' चालत नाही, हेकटच माणूस लागतो. त्यामुळे फौंड्रीत त्याच्या हेकटपणाला मान होता. घरी बायको चिमणाबाई तेवढी कुरकुरायची, पण तीही शेवटी "त्यास्नी कळतंय त्यातलं" म्हणून गप्प बसायची.

उन्हाळ्याची तक्रार करणाऱ्या माणसाचा त्याला मनापासून राग यायचा. एप्रिल महिन्यात गावात कुणी टॉवेलनं वारा घेत "काय उकडायलंय" म्हणालं की हा म्हणणार, "उकडतंय? या की एक डाव आमच्या भट्टीपुढं. भाईरचं ऊन म्हंजे सावलीच वाटंल तुमास्नी." उष्णतेतलं आपल्याला सगळं कळतं हा त्याचा गर्व होता. गर्वाचं घर खाली असं आपण म्हणतो, पण खाली येताना ते कुणाच्या अंगावर कोसळेल हे कुठली म्हण सांगत नाही.

भट्टीवर घालायचा कोट कंपनी द्यायची. जाड सुती कापड, तेही दुहेरी, आणि छातीला न् बाह्यांना चामडं. त्या कोटाला पुढून बटण नाही की चेन नाही. पुढं फट ठेवली तर ठिणगी उडून आत जाते आणि कातडीवर जाऊन बसते. म्हणून कोट पुढून अंगावर घ्यायचा, हात बाह्यांत सारायचे आणि पाठीमागं मानेपासून कमरेपर्यंत पाच बंद बांधायचे. स्वतःच्या पाठीवरचे बंद स्वतःला बांधता येत नाहीत आणि सोडताही येत नाहीत, पण त्याचं तिथं कुणाला काही वाटत नसे, कारण भट्टीवर माणूस एकटा कधीच नसतो. जोतीरामचे बंद अण्णाप्पा बांधायचा आणि अण्णाप्पाचे जोतीराम. अण्णाप्पा निपाणीच्या पलीकडचा, बोलता बोलता कानडीत शिरणारा. वयानं दोन वर्षं मोठा म्हणून जोतीरामला 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचा.

बंद सुरगाठीनं बांधायचे, म्हणजे टोक ओढलं की मोकळं. पंधरा-वीस मिनिटं ओतकाम झालं की दोघं बाहेर यायचे, एकमेकांच्या पाठीवरची टोकं ओढायचे, कोट गळून पडायचा, आणि घामानं निथळणारी दोन माणसं उघड्या वाऱ्यात उभी राहून मीठ घातलेलं ताक प्यायची. मग पुन्हा कोट, पुन्हा भट्टी. एकवीस वर्षं हे असंच चाललं होतं.

जोतीरामला एकच मुलगा, धैर्यशील. आयटीआय करून फिटर झाला आणि साखर कारखान्यांना बेअरिंगं पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागला. मार्चअखेर गाळप थांबलं की कारखाने उघडून ठेवतात आणि पावसाळा संपेपर्यंत त्यांची दुरुस्ती चालते. धैर्यशीलचं खरं काम तेव्हा. अथणीच्या पुढं एक कारखाना त्याच्याकडं होता. सोमवारी सकाळी बेअरिंगं पोत्यात बांधून मोटारसायकलवर टाकायची, मिरज, कागवाड करत शंभरावर किलोमीटर जायचं, आठवडा तिथंच काढायचा आणि शनिवारी घरी. पोरगा हसतमुख, कामाला वाघ, आणि बापाच्या शब्दाबाहेर नसलेला. हा शेवटचा गुण त्याच्यात थोडा कमी असता तर बरं झालं असतं.

दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत तो पडला. हायवेचं रुंदीकरण चाललं होतं, सांगली फाट्याजवळ खडी पसरली होती, तीवरून गाडी घसरली आणि पोरगा पाठीवर घसटत पंधरा-वीस फूट गेला. हाड एकही मोडलं नाही. पण शर्टाच्या चिंध्या झाल्या आणि उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत कातडी सोलून निघाली. डॉक्टरांनी रोज पट्टी बदलायला सांगितली. चिमणाबाईला ते बघवेना, म्हणून पट्टी जोतीराम बदलायचा. वाळलेली पट्टी सोडवताना मांस तिला चिकटून यायचं आणि तेवीस वर्षांचा पोरगा उशीत तोंड खुपसून ओरडायचा. जोतीरामनं भट्टीवर भाजलेली माणसं उचलली होती, पण या पाठीवरची पट्टी तो बोटबोटभर सोडवून थांबायचा. महिनाभर तो धड जेवला नाही. पट्टीचं काम संपलं त्या दिवशी त्यानं घरात जाहीर केलं, "हितनं फुडं ह्येच्या अंगाला खडा लागू द्यायचा न्हाय."

बाप-लेक राजारामपुरीत जाकीट बघायला गेले. दुकानदारानं काळंकुळकुळीत जाकीट काढलं आणि म्हणाला, "पावणं, लेदर हाय. इंपोर्टेड." जोतीरामनं कॉलरचं टोक नखानं खरवडलं. "ह्यो तर रिक्षाच्या शिटाचा रेक्झीन," तो दुकानभर ऐकू जाईल असं बोलला. दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं झालं. दुसरीकडं जीनचं जाकीट होतं. तिसरीकडं पावसाळी नायलॉनचं. प्रत्येक दुकानातून कापडाचा तुकडा मागून जोतीरामनं खिशात घातला. कशाला, ते पोराला कळेना.

परत येताना चहा पिताना धैर्यशीलनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. इंग्रजी मासिकातलं एक चित्र होतं. परदेशी जाकीट, छातीला आणि पाठीला जाळी, आणि खांदे, कोपरं, पाठीचा कणा एवढ्याच जागी जाड गाद्या.

"आबा, उन्हातनं चालवायला असलं लागतंय. पडल्यावर जे आपटतं तितं गादी, आन बाकी समदी जाळी. वारं आतनं गेलं तर घाम वाळतोय, अंग थंड ऱ्हातंय. पुण्यात एकजण मागवून देतो म्हणतोय."

"जाळी?" जोतीराम म्हणाला. "मासं धरायला चाललाईस काय?"

पोरगा हसला आणि त्यानं कागद घडी करून ठेवला. खरं तर त्याचं बरोबर होतं, अक्षर न् अक्षर बरोबर होतं. पण बाप भट्टीवाला, आणि भट्टीवाल्याच्या लेखी उष्णता ही समोरून येणारी, बाहेरून येणारी चीज. ती अडवायची असते. माणसाचं अंगही एक चूल आहे, तिचा जाळ बाहेर जायला वाट लागते, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं ते तुकडे फौंड्रीतल्या ग्राइंडरच्या फिरत्या चाकाला लावून बघितले. रेक्झीन वितळून चाकाला चिकटला. नायलॉनचा गोळा झाला. जीन एक-दोन म्हणेपर्यंत फाटली. मग त्यानं आपल्या जुन्या कोटाची बाही लावली. धूर निघाला, करपल्याचा वास सुटला, पण कापड टिकलं. जोतीरामनं तिथंच निकाल लावला. कंपनीनं दिलेला एक कोरा कोट त्याच्याकडं होता, तो पोराच्या मापाचा करायचा.

पंधरा दिवस तो रोज कामावरून आला की दाभण घेऊन बसायचा. लांबी कमी केली, कोपरांना आणि खांद्यांना फोम भरला, पाठीला चामड्याचा आणखी एक थर दिला. मनगटाला बंद लावले, की वारं बाहीत शिरू नये. धैर्यशीलनं एकदाच विचारलं, "आबा, फुडनं चेन लावूया की. माझं मला काढता येईल."

"फुडं फट ठिवायची न्हाय," जोतीराम म्हणाला.

रस्त्यावर कुठली ठिणगी उडणार होती? पण हाताला एकवीस वर्षांचं वळण होतं, आणि हात डोक्याला विचारत नाहीत. वर आणखी एक शहाणपण त्यानं केलं. सुरगाठ वाऱ्यानं सुटेल, बंदाची टोकं फडफडत गाडीच्या चेनमध्ये जातील, म्हणून त्यानं ठरवलं की पोराच्या पाठीवर निरगाठच मारायची. पाची बंद निरगाठीचे.

कोट तयार झाल्यावर त्यानं तो फौंड्रीत नेऊन दाखवला. सगळ्यांनी हात लावून बघितला, वा वा केली. अण्णाप्पानं पाठीमागचे बंद बघितले आणि म्हणाला, "बेस झालाय तम्मा. फकस्त गाठी सोडायला मागच्या शिटावर एक बायकू बसवून दे पोराला." सगळे खो खो हसले. जोतीरामही हसला. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला.

एप्रिलपासून दर सोमवारी सकाळी अंगणात तोच प्रकार. धैर्यशील हात बाह्यांत सारून पाठ करून उभा राहायचा आणि जोतीराम एकेक निरगाठ मारायचा. गल्लीतली पोरं म्हणायची, "धैर्यादा चालला अंतराळात." पोरगा त्यांच्याबरोबर हसायचा. तिकडं कारखान्यावरचे फिटर स्क्रूड्रायव्हर घालून गाठी उकलायचे आणि आतून पाण्यात बुडवून काढल्यासारखा माणूस निघायचा. शनिवारी घरी आला की तो म्हणायचा, "आबा, धा वाजल्यानंतर आत भट्टी पेटल्यागत हुतंय बघा."

"सवय हुईल," जोतीराम म्हणायचा. "आमास्नी न्हाय झाली?"

मे महिन्यातल्या तिसऱ्या सोमवारी बेअरिंगाचं काम लांबलं. माल हातात पडायला अकरा वाजले. जोतीरामची दुपारपाळी होती, तो घरीच होता. ऊन असं की अंगणात पाय ठरत नव्हता. धैर्यशील म्हणाला, "आबा, आज असाच जातो की. लई तापलंय."

"ऱ्हाऊ द्या की एक दिवस," चिमणाबाईही आतून म्हणाली.

"ऊन हाय म्हणूनच कोट पायजे," जोतीराम म्हणाला. "आन फेब्रुवारी इसरलास व्हय रं?"

त्या वाक्यापुढं कुणाचं काही चाललं नाही. पोरानं पाठ केली. जोतीरामनं पाच गाठी मारल्या, शेवटची जरा जास्तच आवळून, आणि पाठीवर थाप दिली. साडेअकराला गाडी गेली.

संध्याकाळी धैर्यशीलच्या कंपनीचा माणूस फौंड्रीत सांगत आला, धैर्यशील मिरजेच्या दवाखान्यात आहे. कागवाडच्या पुढं रस्त्याकडंला सापडला, बेशुद्ध, गाडी अंगाशेजारी आडवी. अण्णाप्पा नवराबायकोला घेऊन मिरजेला गेला. चिमणाबाई वाटभर एकच विचारत होती, "किती लागलंय? पाठीला लागलंय काय?" दवाखान्यात नर्सनं सांगितलं की बोटं सोडली तर अंगावर ओरखडासुद्धा नाही. चिमणाबाईनं तिथंच नवऱ्याला हात जोडले. "तुमच्या कोटानं वाचवला माझा पोरगा," ती म्हणाली.

पोरगा मात्र डोळे उघडत नव्हता. अंगाला बर्फ लावला होता, नाकातोंडात नळ्या होत्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जोतीरामला एकट्याला आत बोलावलं. आणलं तेव्हा अंगात एकशे आठ ताप होता, ते म्हणाले, आणि हा आजाराचा ताप नाही, उष्माघात आहे. "अंगात काय होतं त्याच्या?"

दवाखान्यानं दिलेलं पोराच्या कपड्यांचं गाठोडं जोतीराम घेऊनच फिरत होता. त्यानं ते टेबलावर सोडलं. डॉक्टरांनी कोट उचलून बघितला, दोन्ही हातांनी उचलावा लागला.

"हे घालून भर दुपारी?"

"भट्टीवरचा कोट हाय डॉक्टरसाब. दीड हजार डिग्रीची भट्टी, तिच्याफुडं आमी ह्योच घालतोय. आमाला काय हुईत न्हाय."

"भट्टीपुढं सलग किती वेळ असता?"

"पंधरा मिन्टं. ईस."

"आणि मग?"

जोतीरामच्या डोळ्यांपुढं ताकाचा तांब्या आला, बाहेरचं वारं आलं, पाठीवरून फिरणारा अण्णाप्पाचा हात आला. डॉक्टर बोलत होते, की अंगातली उष्णता बाहेर पडायला वाटच नव्हती, की मेंदूला मार बसलाय, जगेल पण पहिल्यासारखा होईल असं सांगता येत नाही. जोतीराम कोटाकडं बघत होता. बंद कुणीतरी धारदार वस्तूनं कापले होते, पण गाठी तशाच होत्या. पाची.

महिन्यानं पोरगा घरी आला. चालताना झोकांड्या जायचा. शब्द एकेक करून, मध्ये थांबत यायचा. हात असे थरथरायचे की पेला तोंडापर्यंत पोचेस्तोवर अर्धा सांडायचा. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच. गावातली माणसं बघायला यायची, आणि येईल तो एकच बोलायचा, "डोक्याला ताप चढला त्येला कोण काय करणार? पर एवढा पडूनबी अंगाला खरचटलं न्हाय. कोट व्हता म्हणून." जोतीराम खाली मान घालून ऐकायचा. स्तुती ऐकून माणूस मरत नाही, नाहीतर त्या महिन्यात तो दहा वेळा मेला असता.

ज्या बाईनं पोराला रस्त्यात बघून माणसं गोळा केली तिची ओटी भरायची असं चिमणाबाईनं ठरवलं होतं. पोराला सोडून तिला जाता येईना. तिनं लुगडं, नारळ, तांदूळ बांधून दिले आणि जोतीराम एकटा कागवाडला गेला. बाईचं नाव धोंडुबाई. रस्त्याकडच्या माळावर शेळ्या राखायची, कंबरेला विळा. तिनं ओटी घेऊन समोर ठेवली आणि जोतीरामनं काही विचारायच्या आतच तिनं सगळं सांगितलं.

गाडी पंक्चर झाली होती. पोरगा ओझ्यासकट ती ढकलत लांबून येत होता. मध्येच थांबायचा आणि दोन्ही हात पाठीमागं टाकून काहीतरी ओढायचा. भर दुपारी रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. एक ट्रक आला, त्याच्यापुढं तो हात करत, पाठ दाखवत उभा राहिला. ट्रकवाल्यानं शिवी दिली आणि गेला.

"मलाबी वाटलं, पिलेला हाय," धोंडुबाई म्हणाली. "झोकांड्या जाईत हुता. बाई माणूस, मी घटकाभर तशीच लांब बसून ऱ्हायली. खोटं कशाला सांगू बाबा. मग त्यो गाडीसकट पडला तवा गेली. डोळं उघडं हुतं. म्हणला, 'गाठ… सोडा.' मी बगतीया तर निरगाठी! घामानं भिजून दगड झालेल्या. बोटाची नखं उलथल्याली त्येची, रगात. मी सोडाय बघितल्या, सुटंनात. शेवटी इळ्यानं बंदच कापलं." ती जरा थांबली आणि म्हणाली, "कुणी बांधल्या हुत्या वो असल्या? बांदणाऱ्याला काय काळीज हुतं का न्हाय?"

जोतीराम उठला, तिच्या पाया पडला आणि एसटीत बसला. घरी चिमणाबाईनं विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, "ओटी घेतली."

त्यानं घरी सांगितलं नाही. भित्रा नव्हता, पण हे सांगायला त्याची जीभ उचलेना. फौंड्रीत अण्णाप्पा बंद बांधायला मागं आला की तो एक पाऊल पुढं सरकायचा. एक दिवस त्यानं कोट अंगावरून भिरकावला आणि नोकरी सोडली. अण्णाप्पाला तेवढं त्यानं सगळं सांगितलं. अण्णाप्पा लहान पोरासारखा रडला. "मी हसलो रे तम्मा, मी चेष्टा केली," एवढंच तो म्हणत राहिला. दोघांना नंतर एकमेकांकडं बघवेना, आणि एकवीस वर्षांची जोडी अशी तुटली.

घरी जोतीरामला एक काम होतं. धैर्यशीलला हाताच्या थरथरीमुळे शर्टाची बटणं लावता यायची नाहीत. रोज सकाळी आंघोळ झाली की जोतीराम त्याला पलंगावर बसवायचा, बाह्यांत हात घालायचा, वरून खाली बटणं लावायचा आणि केस विंचरायचा. पोरगा तेवढा वेळ त्याच्याकडं बघत असायचा, कधी हसायचा, कधी "आबा… च्या… झाला?" असं विचारायचा. दिवसात एवढीच वेळ जोतीरामला जगल्यासारखं वाटायचं. या पाच मिनिटांसाठी तो पहाटे उठून बसायचा.

आणि कोट देवघराच्या भिंतीला खुंटीवर होता. चिमणाबाईनं तो धुऊन टांगला होता. खंडेनवमीला लोक आपापली हत्यारं पुजतात. तिनं घरातला हातोडा, पाना, विळी मांडली आणि मधोमध तो कोट ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. "ह्येच्यामुळं दारात माझा ल्योक दिसतोय," ती म्हणाली. तीन वर्षं असं झालं. तिन्ही वेळा जोतीराम पूजेच्या वेळी गावाबाहेर निघून गेला.

दोन हजार पाचच्या मार्चमध्ये चिमणाबाईचा भाचा कृष्णात आला. बियाण्याच्या कंपनीत लागला होता, शिरोळ, अथणी, जमखंडी असा भाग मिळाला होता, नवी मोटारसायकल दाराशी उभी होती. चिमणाबाईनं त्याच्या कानशिलावरून बोटं मोडली आणि सरळ जाऊन खुंटीवरचा कोट काढला.

"ह्येला नवं बंद लावून द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "ह्यो घातल्याबिगार मी त्येला जाऊ देत न्हाय."

"नगं," जोतीराम म्हणाला. "जुना झालाय."

"जुना झाला म्हणून काय झालं? माझ्या पोराला राखलंय त्येनं."

"नगं म्हणतो न्हवं? दुसरं घे म्हणावं. जाळीचं मिळतंय, पुण्यात मिळतंय."

"जाळीचं?" चिमणाबाई हसली. "तुमीच म्हणत हुता न्हवं, मासं धरायला?"

कृष्णात तोवर कोट अंगावर चढवून मोकळा झाला होता. हात बाह्यांत सारून तो जोतीरामकडं पाठ करून उभा राहिला आणि मजेत म्हणाला, "बांधा मामा."

ती रुंद, तरणी पाठ बघितली आणि जोतीरामचा बांध फुटला. त्यानं कोट मानेला धरून खेचून काढला, कृष्णात भिंतीवर आपटला. "न्हाय राखलं त्येनं!" तो ओरडला. "ह्या कोटानं खाल्लाय माझा पोरगा! मी खाल्लाय!" आणि मग गाठी, नखं, ट्रक, धोंडुबाई, डॉक्टर, सगळं तो बोलत सुटला, आडपडदा न ठेवता. शेजारची झुंबरबाई आवाज ऐकून दारापर्यंत आली आणि तशीच मागं फिरली. पलंगावर धैर्यशील बसला होता. तो एकदा बापाकडं, एकदा आईकडं बघत होता. त्याला त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक.

कृष्णात हळूच निघून गेला. त्यानं कोट नेला नाही. एक जीव वाचला, एवढं जोतीरामच्या पदरात पडलं.

चिमणाबाई खाली बसली होती. तिनं विचारलं, "त्या बाईनं तुमास्नी कवा सांगितलं ह्ये?"

"तवाच. ओटी द्यायला गेलतो तवा."

"म्हंजे तीन वर्सं हुईत आली."

जोतीरामनं मान हलवली.

"आन मी त्येला कुकू लावत हुते," चिमणाबाई म्हणाली. "तुमी बगत हुता, आन मी कुकू लावत हुते."

उठून तिनं स्वयंपाक केला, पोराला भरवलं, नवऱ्याचं ताट वाढून त्याच्यापुढं ठेवलं. जोतीरामला वाटलं, तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कोट त्यानं स्वतः मागल्या परड्यात नेऊन रॉकेल ओतून पेटवला. तो नीट पेटेना. भट्टीचं कापड ते. धुमसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धैर्यशीलची आंघोळ झाली. जोतीराम नेहमीसारखा शर्ट घेऊन पलंगाशी गेला. चिमणाबाई आली आणि तिनं त्याच्या हातातून शर्ट काढून घेतला.

"तुमी नगा हात लावू त्येला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, शेजारी बसलेल्याला सांगावं तसं तिनं सांगितलं.

"आबा… घाल-तील," धैर्यशील म्हणाला.

"मी हाय की बाळा. हात वर कर."

त्यानं हात वर केला, पण मान दाराकडंच वळलेली राहिली. जोतीराम बाहेर येऊन पायरीवर बसला.

त्याला आता चार वर्षं झाली. तिनं तो शब्द परत घेतला नाही आणि त्यानं परत मागितला नाही. त्याला वेळेवर भाकरी मिळते, धुतलेली कापडं मिळतात, दुखलंखुपलं तर चिमणाबाई काढाही करून देते. सकाळी आतून धैर्यशील "आबा, शर्ट" अशी हाक मारतो, अजून रोज मारतो. जोतीराम पायरीवर दोन्ही हात गुडघ्यांत दाबून बसतो, आणि आतलं शेवटचं बटण लागेपर्यंत तसाच बसून राहतो.